सकाळच्या मालाची तार

१२ मार्च

मामा, नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मध्ये बसून तुमचा मुलगा माझं अर्धंच बोलणं तुमच्यापर्यंत पोचवतो, म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नका.

दादांचं आहे तसंच आहे. झटक्यात उजवी बाजू गेली ती गेलीच, बोलणंही परत आलं नाही. समजतं मात्र सगळं. त्यांचा पलंग कारखान्यावरच्या खोलीत खिडकीशी लावलाय. खाली मशीन चालू असलं की त्याची धडधड पलंगाच्या पायांतून वर येते आणि तेवढा वेळ ते शांत असतात. आईला जन्मभर ज्या धडधडीचा वैताग होता, तीच आता औषधासारखी लागू पडतेय. सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असलं की त्यांचा डावा हात चादरीवर फिरत राहतो आणि नजर दाराला चिकटते. डॉक्टर म्हणाले, "सगळं पूर्वीसारखं चाललंय असं त्यांना वाटू द्या. मन खचलं तर मग आमच्या हातात काही नाही." म्हणून मशीन चालू ठेवणं हे माझं पहिलं काम. चालवतेही मीच, त्यांची लेक. शेजारच्या कारखान्यातल्या फिटरने शिकवलं.

एक विचारायचं होतं. आपल्या कपड्यांच्या चिमट्यांचा प्लास्टिकचा माल एकदा वितळवला, साच्यात भरला, मग दळला आणि पुन्हा वितळवला, तर असं किती वेळा चालतं? हा कारखाना तुम्ही आणि दादांनी मिळून उभा केलात, तुम्हाला ठाऊक असणार. सहज विचारतेय.

तुमची भाची


२० मार्च

भाचीबाईंना आशीर्वाद.

असलं काही कुणी सहज विचारत नाही. तुझ्या आईलाही काही हवं असलं की ती आधी 'सहज' म्हणायची आणि मग माझी सायकल घेऊन जायची.

ऐक. म्हणजे वाच. प्लास्टिकचा दाणा मशीनच्या तापलेल्या नळीत, बॅरलमध्ये, गेला की त्याला दोन मार बसतात, एक तापाचा आणि एक स्क्रूच्या रगडण्याचा. दाण्याच्या आत लांबच लांब साखळ्या असतात आणि चिमट्याचा चिवटपणा त्यांच्या लांबीवर असतो. प्रत्येक फेरीत त्या थोड्या थोड्या तुटतात. माल पातळ होतो, साच्याच्या फटीतून बाहेर येऊन कडेला पापुद्रे धरतो. रंग मळतो, वास बदलतो. चिमटा दिसायला चिमटाच राहतो, पण दाबला की कटकन मोडतो. म्हणून दाण्यात एक पूड घालतात. आम्ही तिला तापाची पूड म्हणायचो. साखळ्यांच्या आधी ती स्वतः जळते. पण जळून जळून संपते, मग साखळ्यांना वाली कोण? उन्हाची पूड वेगळी, ती दोरीवर लागल्यानंतर कामाला येते. मेहुण्यांनी दोन्ही पुडी कधी चुकवल्या नाहीत. आपला चिमटा उन्हात वर्षानुवर्षं टिकायचा, त्यामुळे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा यायचंच नाही. धंदा असा करतात का, म्हणून मी त्यांचं डोकं किती खाल्लं असेल. ते हसायचे नुसते.

तेव्हा नव्या दाण्याच्या चार भागांना दळणाचा एक भाग, याच्या वर जाऊ नकोस. मेहुणे तेवढंही नाखुशीने घालू द्यायचे. ते वर अंथरुणात आहेत म्हणून खाली त्यांच्या नावाने कचरा करून विकलास तर मी बहिरा असलो तरी मला ते ऐकू येईल. व्यापाऱ्याचं कसं चाललंय? माल वेळेवर उचलतो ना?

मामा


४ एप्रिल

मामा, नमस्कार.

व्यापाऱ्याचं ठीक आहे. तुमचं पत्र दोनदा वाचलं. आता आणखी विचारते, रागावू नका. नवा दाणा न घालता नुसत्या जुन्याच मालात तापाची पूड घातली तर त्याच्या आणखी फेऱ्या होतील का? किती घालायची? बॅरलचा ताप उतरवला तर माल कमी खराब होईल का? बॅरलच्या टोकाच्या नोझलमधून तो आता आपोआप गळायला लागलाय. मी खाली पत्र्याचा डबा ठेवते.

दादांनी अलीकडे एक नवीनच धरलंय. सकाळी मी मशीन सुरू करून वर चहा घेऊन गेले की ते डाव्या हाताच्या चिमटीत चादरीची कड धरतात आणि हळूहळू वर ओढतात, अगदी जपून. मग माझ्याकडे बघतात. थंडी वाजत असेल म्हणून मी चादर गळ्यापर्यंत घालते. ती ते खाली ढकलतात आणि पुन्हा तेच. या उकाड्यात दोन चादरी घालून पाहिल्या. घामाने उशी भिजली, तरी हात तसाच. एकदा मी ओरडले त्यांच्यावर. नंतर जिन्यात बसून रडले, पण ते सांगायला हे पत्र नाही.

पुडीचं तेवढं कळवा.

तुमची भाची


१९ एप्रिल

तुला आशीर्वाद द्यायचा की नाही याचा विचार करतोय.

दहा दिवसांपूर्वी सूनबाईने बाजारातून चिमट्यांचं पाकीट आणलं. आपल्याच व्यापाऱ्याचं लेबल, तोच निळा रंग. मी खूश होऊन गॅलरीत खुर्ची टाकून बसलो, म्हटलं मेहुण्यांची कारागिरी दोरीवर बघत बसू. सूनबाईने ओली चादर लावली आणि दोन चिमटे तिच्या हातातच मोडले. उरलेल्यांपैकी निम्मे आठवड्याच्या उन्हात गेले. शर्ट खालच्या मजल्यावर पडले. सूनबाई हसली आणि म्हणाली, "तुम्ही तर चिमट्यांची काय काय कौतुकं सांगत होता." मला कानांनी ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. मान खाली गेली माझी.

आता कळलं तू सहज सहज का विचारत होतीस. सगळं दळणच भरतेस तू. पुडीचं मी सांगणार नाही. बापाचं नाव त्या पाकिटावर नसलं तरी साचा त्यांचा आहे. त्यांच्याच खोलीखाली बसून हे करताना तुझा हात कसा चालतो?

मामा


२८ एप्रिल

मामा,

ते मोडके चिमटे टाकून दिले नसतील तर एक हातात घ्या आणि जबडा उघडून आत बघा. आपल्या साच्याला आत तीन दाते आहेत, मधला जरा झिजलेला. तो झिजलेला दाता तुम्हीच मला लहानपणी दाखवला होता. सूनबाईंच्या चिमट्याला किती दाते आहेत?

तो माल आपला नाही. व्यापाऱ्याने हिवाळ्यातच आपला माल बंद केला. त्याला दुसरीकडून स्वस्त मिळतो, लवकर मोडतो, लोक पुन्हा पुन्हा घेतात. तुम्ही दादांना जे सांगायचात ते त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. त्यानंतर दुसरा कुणी मिळाला नाही. मी दारोदार हिंडले.

मी कुणालाही काही विकत नाही, मामा. सकाळी मशीन सुरू करते आणि दिवसभर चिमटे काढते. स्प्रिंगा लावत नाही, लावल्या तर ग्राइंडरची पाती तुटतील. संध्याकाळी तेच चिमटे ग्राइंडरमध्ये टाकून दळते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दळण मशीनवरच्या हॉपरमध्ये ओतते. शेवटच्या ऑर्डरचा जो माल उरला होता तोच हिवाळ्यापासून फिरतोय. निळा होता, मग राखाडी झाला, आता वहाणेच्या जुन्या तळव्यासारखा तपकिरी दिसतो. साच्यातून पडतानाच काही मोडतात. माझ्या नखांत, केसांत, भाकरीच्या डब्यातही त्याची पूड असते.

हे सगळं वरच्या माणसाला आवाज ऐकू यावा म्हणून. दुसरं काही मला सुचलं नाही. माल पार संपेपर्यंत किती दिवस आहेत, एवढंच मला तुमच्याकडून हवं होतं. हसायचं असेल तर हसा.

दादा अजून ती चादर ओढतातच.

भाची


६ मे

माझ्या लेकी,

तीनच्या जागी दोन दाते होते. चष्मा लावून बघितलं. त्या पत्रातली माझी अक्षरं परत घेता आली असती तर घेतली असती. सूनबाईला दोन दाते दाखवायला गेलो, तर तिला वाटलं मी दातांच्या डॉक्टरकडे न्यायला सांगतोय.

आधी पुडीचं. पूड घातलीस तर पुढची मोडतोड मंदावेल. पण तुटलेली साखळी कुठल्याही पुडीने सांधत नाही, हे नीट डोक्यात ठेव. माल परत तरुण होत नाही. नवा दाणा मिसळला तर त्याच्या आधाराने जुना काही दिवस उभा राहतो, बस. ताप उतरव, स्क्रूचा वेग कमी कर, जेवायला जाताना माल बॅरलमध्ये शिजत ठेवू नकोस.

आता दुसरं, आणि हे वाचताना खाली बस. ते चादर मागत नाहीत. ते तार मागताहेत.

तू उठायच्या आधीची गोष्ट आहे ही, म्हणून तुला ठाऊक नाही. रोज सकाळी पहिला चिमटा काढण्याआधी मी नोझलमधून मालाचा गरम गोळा काढायचो आणि लाकडी फळीवर त्यांच्यापुढे धरायचो. मेहुणे चिमटीने त्याची तार ओढायचे, पाक बघतात ना तशी. हळू, जपून, हातभर. ती फुंकरीने निवली की बोटाला गुंडाळायची. न मोडता बसली तर माल चांगला. मगच साचा मिटायचा. एवढ्या वर्षांत एक सकाळ चुकली नाही, तुझ्या आईला नेलं त्या दिवसाची सोडून. मशीनच्या गोंगाटात आम्ही हातांनीच बोलायचो. उघडा पंजा म्हणजे थांब, मिटलेली मूठ म्हणजे मशीन बंद कर, आणि चिमटी वर ओढली की तार दाखव.

त्यांना संशय आलाय, पोरी. पातळ मालाने मशीनचा सूर बदलतो. मी बहिरा आहे तरी बॅरलवर तळवा ठेवून सांगितलं असतं. त्यांचे तर कान शाबूत आहेत.

तुझ्या त्या तपकिरी मालाची तार त्यांना दाखवू नकोस. मी मुलाला बाजारात पिटाळून नव्या दाण्याची पिशवी आणवली, दोन्ही पुडी मिसळलेली. ती पार्सलने निघालीय. आधी बॅरल धुऊन काढ त्याने, मग तार ओढ आणि गरम गरम वर ने. त्यांना वाटू दे.

मामा


२१ मे

मामा, नमस्कार.

पिशवी आली. बॅरल साफ केली, निम्मा दिवस गेला त्यात. तपकिरी माल फिकट होत होत गढूळ झाला, मग दुधट, मग एकदम स्वच्छ. गोळा फळीवर घेतला. फळी दोन्ही हातांत धरून जिना चढले.

त्यांनी फळी पाहिली आणि डोळे असे केले की मी आईला हाक मारणार होते. चिमटीने तार ओढली. एका हाताने, पडल्या पडल्या, पण हातभर निघाली. फुंकर त्यांना जमत नाही, ती मी घातली. मग तार बोटाला गुंडाळायला मी मदत करू लागले तर माझा हात बाजूला सारला. उशीवर बोट टेकवून एकट्याने गुंडाळली. बसली. मोडली नाही. ते हसले, मामा. चेहऱ्याच्या अर्ध्या बाजूने, पण हसले.

त्यानंतर रोज सकाळी तार. त्या दिवसापासून ते नीट जेवतात. काल मला खुणेने विचारलं, बोट दाराकडे आणि मग पाठीवर ओझं घेतल्यासारखा खांदा. व्यापारी माल उचलून नेतो का, असं विचारत होते. मी होकाराची मान हलवली.

पिशवी मी पुरवून पुरवून वापरते. सकाळचा गोळा निव्वळ नव्या दाण्याचा, दिवसभर दळणात मिसळून. तुमचे उपकार कसे फेडू ते सांगू नका, मला फेडायचे नाहीत.

तुमची भाची


२ जून

भाचीबाईंना आशीर्वाद, आणि मेहुण्यांना माझा हात उंचावून नमस्कार सांग.

तुझं पत्र मी सूनबाईला वाचायला दिलं. ती बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. दुसरी पिशवी पाठवतो. मुलाला कामातून सवड झाली की तो बाजारात जाईल. तोवर नेट धर. पिशवी संपत आली तर तारेसाठी मूठभर वेगळा काढून ठेव. दळण त्यात पडू देऊ नकोस, चुकूनही नाही.

पाय साथ देत असते तर मी स्वतःच फळी धरायला आलो असतो. तो मान माझा आहे, लक्षात ठेव. तुला उसना दिलाय.

मामा


१५ जुलै

मामा,

तुमची दुसरी पिशवी काल पोचली. जिन्याखाली ठेवलीय, न फोडता. आता खाली मशीन नाही.

मूठभर वेगळा काढून ठेवला होता मी. पण पहिला गोळा स्वच्छ निघायला बॅरल धुवावी लागते आणि रोज धुण्यातच दाणा जात होता. तुमच्या पिशवीची वाट बघत बघत मी सकाळच्या गोळ्यातही दळण मिसळायला लागले. आधी चिमूटभर. तार जरा आखूड निघायची, पण बसायची. दादा ती उजेडात धरून बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. म्हणजे खुणेनेही नाही.

मग एका सकाळी तार वीतभर निघाली आणि बोटाला अर्धा वेढा बसताच मोडली. त्यांनी पुन्हा चिमटी वर ओढली, दुसरी मागितली. मी खाली जाऊन दुसरा गोळा आणला. तीही मोडली. त्यांनी दोन्ही तुकडे अंगठ्याने दाबून पाहिले, भुगा झाला. तो भुगा त्यांनी चादरीवर नीट एका जागी गोळा केला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी शाळेत असताना हिशेब चुकवला की ते बघायचे, तसं. किती दिवस हे चाललंय एवढंच त्या नजरेत होतं.

मग त्यांनी मूठ मिटली.

मी म्हटलं, "पाणी हवंय का?" त्यांनी मूठ तशीच ठेवली. मी म्हटलं, "कूस बदलू?" मूठ तशीच. मला न कळायला आता काही उरलं नव्हतं, तुमच्या पत्रात सगळं लिहिलेलं होतं. तरी मी चादर सारखी केली, खिडकी लावली, उघडली. ते हात हवेत धरून होते. हात कापायला लागला तरी खाली घेईनात. शेवटी मीच म्हटलं, "बरं, दादा," आणि खाली गेले.

माल आत ठेवून मशीन बंद करायचं नाही, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. बॅरलमधला सगळा तपकिरी माल काढला. पिशवीच्या तळाशी जे दाणे चिकटले होते ते झटकून हॉपरमध्ये टाकले आणि ते पुढे लागेपर्यंत थांबले. शेवटी थोडासा स्वच्छ माल आला. मग हीटर बंद केले, मोटर बंद केली. असलं साफ मशीन पुन्हा कोण सुरू करणार होतं? पण वर ऐकणारा माणूस होता.

आवाज थांबल्यावर मी हॉपरचं झाकण लावलं, फळी पुसली. मला भीती होती डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टीची. वर गेले तर ते जागे होते. काही झालं नव्हतं. मन खचायचं ते कधीच खचून झालं असावं. मी मात्र रोज आठ तास त्यांना त्यांच्याच मालाचं मरण ऐकवत होते.

मशीन भंगारवाल्याने नेलं. त्याची माणसं ते पहारीने सरकवत होती तेव्हा मी वर त्यांच्यापाशी बसले होते. ते छताकडे बघत होते. साचा मी दिला नाही. तीन दात्यांचा तो तुकडा खिडकीत ठेवलाय, ते त्याच्याकडे बघत नाहीत.

तुम्ही विचाराल म्हणून लिहिते, तब्येत बरी आहे. जेवतात, झोपतात. डॉक्टर म्हणाले, "असेच कितीतरी वर्षं राहू शकतील." ही आनंदाची बातमी होती. मी मान हलवली.

फक्त सकाळी, मी चहा घेऊन गेले की ते चिमटीत चादरीची कड धरतात आणि हळूहळू वर ओढतात. मूठ त्यांनीच मिटली होती, मशीन गेलेलं त्यांना माहीत आहे, तरीही. पहिल्या पिशवीतली एक चांगली तार मी जपून ठेवली होती, ती परवा त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. थंड होती. उशीपाशी ठेवून दिली आणि पुन्हा चिमटी वर ओढली.

आता ती खूण मला कळते, मामा. मी चादर वर घेत नाही. तिथेच उभी राहते, चहा निवेपर्यंत.

तुमची भाची